बंधारा आणि बांधिलकी

मराठी समीक्षेत ‘बांधिलकी’ हा शब्द साठ-सत्तरच्या दशकांत रुळला. सार्त्रच्या लेखनातून आणि मार्क्सवादी वाङ्मयविचारातून आलेल्या एका परक्या संकल्पनेला मराठीत नाव हवे होते. ‘बांधील’ या साध्या विशेषणाला प्रत्यय लागून ते मिळाले. पुढे दलित, ग्रामीण आणि जनवादी साहित्याच्या चर्चेत हा शब्द इतका वापरला गेला, की त्याच्या पोटातला ‘बांध’ कोणाला दिसेनासा झाला. लेखक कशाला बांधील असतो, समाजाला की कलेला, या प्रश्नावर आपल्याकडे परिसंवाद झाले, विशेषांक निघाले. ‘बांधणे’ ही मुळात हाताने करावयाची क्रिया आहे, तिला दगड, चुना, माती आणि माणसे लागतात, याकडे मात्र त्या चर्चेचे फारसे लक्ष गेले नाही.

आज हाच शब्द विद्यापीठांच्या अहवालांत भेटतो. ‘पर्यावरणविषयक बांधिलकी’, ‘शाश्वत विकासाशी बांधिलकी’ अशी शीर्षके असलेली प्रकरणे आता प्रत्येक विद्यापीठाच्या स्वयंमूल्यमापनात असतात. त्यांची थट्टा करणे सोपे आहे, आणि आपल्या मंडळींना ते आवडतेही. परंतु जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांपुरते बोलायचे झाले तर थट्टेपेक्षा अधिक काही करता येण्याजोगे आहे, कारण या प्रदेशात बांध, बंधारा आणि बांधिलकी हे शब्द एकाच धातूतून आले आहेत एवढेच नाही, तर एकाच व्यवहारातून जगले आहेत. खानदेशातील विद्यापीठाच्या पर्यावरणीय बांधिलकीचा इतिहास लिहायचा, तर तो विद्यापीठाच्या स्थापनेच्या किमान तीनशे वर्षे आधीपासून लिहावा लागतो.

प्रथम विद्यापीठाविषयी. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. तोवर जळगाव आणि धुळे हे जिल्हे पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि विद्यापीठाच्या कक्षेत तीन जिल्हे आले. गणितज्ञ डॉ. एन. के. ठाकरे हे पहिले कुलगुरू. विद्यापीठाला जागा मिळाली ती जळगावच्या पश्चिमेस, महामार्गालगत, गिरणेच्या काठी बांभोरीच्या शिवारात. ६५० एकर हा आकडा कागदावर भव्य दिसतो. प्रत्यक्षात ती उताराची, टेकड्यांची, मुरमाड जमीन होती. खानदेशात अशा जमिनीला ‘माळ’ म्हणतात आणि त्या शब्दात कौतुक नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पावसाळ्यात चार जोरदार सरी कोसळतात आणि त्यांचे पाणी उतारावरची उरलीसुरली माती घेऊन काही तासांत नदीला मिळते. नदी शेजारी आहे म्हणून पाणी आहे असे नसते, हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९० मध्ये, फ्रान्समधील तालुआर या तळ्याकाठच्या गावी जगातील काही विद्यापीठांचे कुलगुरू आणि अध्यक्ष एकत्र आले होते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष जाँ मेयर यांनी ही परिषद बोलावली होती. तेथे तयार झालेला दहा कलमांचा जाहीरनामा हा उच्च शिक्षणाच्या प्रमुखांनी पर्यावरणीय शाश्वततेबद्दल दिलेला पहिला अधिकृत शब्द मानला जातो. पुढे पन्नासाहून अधिक देशांतील पाचशेहून अधिक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. ब्रुन्टलँड आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये आलेला होता आणि ‘शाश्वत विकास’ हे शब्द जगभर फिरू लागले होते. तालुआरच्या कलमांत अभ्यासक्रम आहे, संशोधन आहे, संस्थेच्या स्वतःच्या आवारातील ऊर्जा, साधने आणि कचरा यांचा विचारही आहे. त्या मसुद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तालुआर हे आल्प्सच्या कुशीतले, भरल्या तळ्याचे गाव आहे. तेथे बसून पर्यावरणाचा विचार करणाऱ्याला तो नैतिक निर्णय वाटला असेल. बांभोरीच्या माळावर तो पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता.

म्हणून या विद्यापीठाच्या बाबतीत ‘बांधिलकी’ची घोषणा मागाहून आली आणि बांधणे आधी आले. पाणलोटाच्या कामांचा जो क्रम महाराष्ट्रात सर्वत्र सांगितला जातो तोच येथेही लागू होता. माथ्यापासून पायथ्याकडे यायचे. उतारावर समतल चर खणून पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, नाल्यांवर लहान बांध घालून चालणाऱ्याला थांबवायचे, आणि थांबलेल्याला पाझर तलावात मुरवायचे. झाड यानंतर. बेसॉल्टच्या थरांवर जेमतेम वीतभर माती असेल तर पाणी मुरते ते खडकाच्या भेगांतून आणि मुरमातून. त्यामुळे कोणत्या जागी अडवायचे हे भूजलशास्त्र जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते. ज्यांनी खड्डे आधी खणले आणि पाणी नंतर शोधले अशा वृक्षारोपणांची थडगी महाराष्ट्रभर आहेत. शाळांच्या आवारांत तर ती दरवर्षी एकाच खड्ड्यात होतात. विद्यापीठाच्या परिसरात पाणलोट विकासाची कामे झाली, पाझर तलाव झाले, उतार झाडांनी झाकले गेले. उन्हाळ्यात महामार्गावरून येणाऱ्याला हा फरक आकडेवारीशिवाय कळतो.

शिक्षणसंस्थेने झाडाला आपल्या दिनदर्शिकेत स्थान देण्याची आपल्याकडची परंपरा अर्थात तालुआरहून जुनी आहे. शांतिनिकेतनात रवीन्द्रनाथांनी १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. बीरभूमची ती लाल, धुपलेली ‘खोआई’ जमीन आणि खानदेशचा माळ यांत फार अंतर नाही. मात्र रवीन्द्रनाथांनी झाडाला पालखीत बसवले, गाण्यात आणि नृत्यात गुंफले. झाड लावणे ही तेथे एक सौंदर्यानुभूती झाली. आपल्या विद्यापीठांनी त्यातला समारंभ तेवढा उचलला, गाणे तिथेच राहिले. असो.

यानंतरचा टप्पा न्यायालयाचा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जो निकाल दिला, त्यात पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर सक्तीचा करण्याचे निर्देश होते. दशकभर ते निर्देश बव्हंशी कागदावर राहिले. १८ डिसेंबर २००३ च्या आदेशानंतर हालचाल झाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाने ‘पर्यावरण अभ्यास’ पदवीच्या प्रत्येक शाखेत आला. मराठी वाङ्मयाचा विद्यार्थीही त्यामुळे परिसंस्था, अन्नसाखळी, ओझोन यांच्याशी परिचित झाला. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? तरीही या पेपरचे काय झाले हे अध्यापकांना ठाऊक आहे. बहुतेक ठिकाणी तो शिकवण्यासाठी वेगळा माणूस नव्हता. भूगोलाच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे तो जादा तास म्हणून गेला, प्रकल्प नावाची वही एकाची पाहून दुसऱ्याने लिहिली, आणि पेपर ‘पास झाला’. क्षेत्रभेट हा त्या अभ्यासक्रमाचा सर्वांत चांगला भाग होता. नेमका तोच प्रथम गळला.

त्यानंतर मूल्यांकन. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली. २०१७ च्या सुधारित चौकटीत सातव्या निकषाखाली पर्यावरणविषयक जाणिवेचे प्रश्न सविस्तर आले. सौर ऊर्जा किती, पावसाच्या पाण्याची साठवण कशी, हरित लेखापरीक्षण केले काय, सायकलींना उत्तेजन देता काय. हे प्रश्न योग्यच आहेत. त्यांनी अनेक महाविद्यालयांना छपरावरचे पाणी जमिनीत सोडायला लावले, हे मान्य केले पाहिजे. अडचण प्रश्नांच्या आशयाची नाही, व्याकरणाची आहे. ते सगळे ‘आहे काय?’ असे विचारतात. ‘कोणी, कोणाशी, काय ठरवले? न पाळल्यास काय होते?’ असे एकही विचारत नाही. बांधिलकी हा शब्द वापरायचा आणि बांधणारा दोर कुठे आहे हे विचारायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

तो दोर कसा असतो हे पाहायचे तर बांभोरीहून निघून धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी जावे लागते.

खानदेशचा पाण्याशी असलेला संबंध जुना आहे आणि तो राजवटींच्या हिशेबात मावत नाही. फारुकी घराण्याने १६०१ पर्यंत सुमारे दोन शतके येथे राज्य केले. त्यांच्या बुऱ्हाणपुरात, जे आता मध्य प्रदेशात आहे, मोगल काळात १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत भूमिगत बोगद्यांनी सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शहरात आणले गेले. कुंडी भंडारा या नावाने ती रचना आजही पाहता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढारी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. १८१८ मध्ये इंग्रज आले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले, तेव्हा ओसाड गावे आणि पडझड झालेले बंधारे हेच येथले दृश्य होते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशाच्या गॅझेटिअरात सिंचनाच्या प्रकरणात या जुन्या बंधाऱ्यांची दखल आहे. त्याआधी वर्षभर, १८७९ मध्ये, मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला होता आणि नद्यांचे पाणी वापरण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला होता. गॅझेटिअर ज्या गोष्टीचे वर्णन करीत होते, तिच्या पायाखालची जमीन कायद्याने नुकतीच काढून घेतली होती.

ही गोष्ट म्हणजे फड पद्धती. तापीच्या खोऱ्यात पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, ती सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वी आकाराला आली असावी असे अभ्यासक मानतात. ‘फड’ म्हटले की वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तमाशाचा फड आठवतो, इतरांना कुस्तीचा किंवा उसाचा. चारही ठिकाणी अर्थ एकच आहे: एका शिस्तीखाली एकत्र आलेला समूह.

नदीवर आडवा बंधारा घातलेला असतो. तो पाणी साठवत नाही, वळवतो; हे पहिले वैशिष्ट्य. बंधाऱ्यातून कालवा निघतो. त्याची लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत, आणि वहनक्षमता सेकंदाला साधारण साडेचारशे लिटर. कालव्यातून निघतात त्या चाऱ्या, चाऱ्यांतून प्रत्येक शेतात पाणी नेणारे सारंग, आणि जादा पाणी पुन्हा नदीकडे जाऊ देणारे सांडम. या सगळ्याने भिजणारे क्षेत्र म्हणजे ‘कायम बागायत’. ते बहुधा चार फडांत विभागलेले असते. एकेक फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत असू शकतो, सरासरी शंभर ते सव्वाशे.

आता नियम. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे एकटा शेतकरी ठरवीत नाही. पाण्याचा अंदाज पाहून गाव ठरवते की यंदा कोणता फड उसाचा, कोणता धान्याचा आणि कोणता पडीक. एका फडात एकच पीक. पुढल्या वर्षी क्रम फिरतो. त्यामुळे जमिनीला विश्रांती मिळते, पाणी साचून ती खारवत नाही, आणि एकाच पिकाला एकाच वेळी पाणी द्यायचे असल्यामुळे वाटपाचा हिशेब सोपा होतो. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते, म्हणून पडीक फडाचा तोटा एकट्यावर पडत नाही. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतःच्या शेताचे तोंड स्वतः उघडायचे नाही. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचवणे हे पाटकऱ्याचे उत्तरदायित्व. पिकाची आणि पाटाची राखण करायला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा. दरवर्षी कालव्यातला गाळ काढायला लाभधारकांनी उतरायचे.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला पडीक फड वाटते. पाणी कमी पडले तर आधी कोणाचा वाटा कापायचा, असा प्रश्न येथे उभा राहत नाही; ओलिताचे क्षेत्रच आधी कमी केले जाते. टंचाईची वाटणी हंगाम सुरू होण्यापूर्वी, सगळ्यांच्या देखत, होते. आपल्या आधुनिक पाटबंधारे व्यवस्थेत नेमके उलटे घडते. पीक प्रत्येकाने आपल्या मर्जीने घ्यायचे आणि पाणी कमी पडले की कालव्याच्या शेपटाला असलेल्याने मोर्चा काढायचा.

फडाचे उदात्तीकरण करू नये. पाण्यावरचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला फडात जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. जागल्या रात्रभर राखण करी, त्याच्या स्वतःच्या घराला ओलित नसे. गाव ‘ठरवते’ असे आपण लिहितो, त्या ठरवण्यात गावातल्या बायका नव्हत्या आणि गावकुसाबाहेरचे तर नव्हतेच. या त्रुटीचे उत्तर महाराष्ट्राला पुरंदर तालुक्यात मिळाले. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत माणशी अर्धा एकर ओलिताचे पाणी हे सूत्र होते, भूमिहीनालाही पाण्यावर हक्क होता आणि उसाला बंदी होती. फडातली शिस्त आणि पाणी पंचायतीतली समता एकत्र आणणारी रचना अजून मोठ्या प्रमाणावर झालेली नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये शेतकऱ्यांच्या सहभागातून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. १८७९ मध्ये जे काढून घेतले होते त्यातले काही पाणीवापर संस्थांच्या रूपाने परत द्यायला सव्वाशे वर्षे लागली.

विद्यापीठाच्या आवाराकडे फडाच्या नजरेने पाहिले तर काय दिसेल? पाझर तलाव हा बंधारा झाला. पण कालव्यातला गाळ कोण काढतो? आवारातली कामे ठेकेदार करतो आणि देखभाल विभाग करतो. विद्यार्थी श्रमसंस्कार शिबिरात एक आठवडा करतो आणि त्याचे छायाचित्र निघते. वसतिगृहात उन्हाळ्यात पाणी कमी आले तर ते आधी कोठे कमी करायचे, बागेत, अतिथिगृहात की वसतिगृहात, हे सर्वांदेखत आणि आधी ठरलेले असते काय? हे प्रश्न कोणा एका विद्यापीठाला उद्देशून नाहीत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही आवारात ते विचारता येतील आणि उत्तरे बहुतेक सारखीच येतील. परंतु ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पांझरा वाहते, त्याने ते विचारले तर त्याला उत्तराचा नमुना बाहेरून आणावा लागणार नाही.

येथे ‘शाश्वत’ या शब्दाबद्दल थोडे. ब्रुन्टलँडच्या शब्दाला मराठीत हा पर्याय कोणी दिला कोण जाणे, पण तो आपल्या संतपरंपरेच्या आणि वेदान्ताच्या ओझ्यासह आला. जे काळाच्या पलीकडचे, ज्याला क्षय नाही, ते शाश्वत. फडात असे काहीही नव्हते. बंधारा पुरात फुटे, पुन्हा बांधला जाई. कालवा गाळाने भरे, पुन्हा उपसला जाई. तीनशे वर्षे टिकण्याचे कारण ते नाशिवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. ‘टिकाऊ’ हा बाजारचा शब्द आपण अप्रतिष्ठित म्हणून टाळला, तो खरे तर अधिक जवळचा होता. कारण टिकवावे लागते, शाश्वताला काही करावे लागत नाही. अहवालात एकदा ‘शाश्वत’ लिहिले की दरवर्षीच्या गाळाचा प्रश्न भाषेनेच मिटवलेला असतो.

२०१८ मध्ये विद्यापीठाचे नामांतर होऊन ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. नावे देण्याच्या राजकारणात शिरण्याचे कारण नाही. पण एक तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळच्या असोद्याचा, २४ ऑगस्ट १८८० चा. ज्या वर्षी सरकारने खानदेशची माती, पाणी, पिके, जाती यांचे जाडजूड इंग्रजी दप्तर प्रसिद्ध केले, त्याच वर्षी त्या मातीबद्दल, विहिरीबद्दल, मोटेबद्दल, पेरणी-मळणीबद्दल पुढे ओव्या रचणारी मुलगी जन्माला आली. तिला अक्षर येत नव्हते. तिच्या रचना मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने लिहून ठेवल्या नसत्या तर ३ डिसेंबर १९५१ ला तिच्याबरोबरच त्या गेल्या असत्या. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला आणि मराठी वाङ्मयाला खानदेश वेगळ्या रीतीने दिसू लागला.

बहिणाबाईंच्या कवितेकडे पर्यावरणवादी कविता म्हणून पाहण्याची टूम अलीकडे निघाली आहे. ती मला उथळ वाटते. त्यांच्या लेखी निसर्ग हा जतन करावयाचा विषय नव्हता. तो कामाचा सोबती होता, कधी हट्टी, कधी उदार. म्हणूनच त्यांची भाषा अवजारांच्या आणि क्रियांच्या नेमक्या नावांनी भरलेली आहे. आणि येथेच विद्यापीठाच्या बांधिलकीत भाषेच्या माणसांचा वाटा सुरू होतो. चारी, सारंग, सांडम, पाटकरी, जागल्या ही नुसती पारिभाषिक नावे नव्हेत. प्रत्येक नावामागे एक नियम आहे. सांडम हा शब्द ज्याच्या बोलण्यातून गेला, त्याच्या मनातून जादा पाणी नदीला परत द्यायचे असते ही कल्पनाही निघून जाते. बहिणाबाईंची बोली जळगावकडची, लेवा समाजाची. पांझराकाठची बोली अहिराणी. विद्यापीठाचे नाव एकीचे आहे म्हणून दुसरीकडे दुर्लक्ष होऊ नये. विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाळा आहे आणि भाषा अभ्यासाचीही आहे. पाण्याच्या नकाशावर पहिली काम करते, पाण्याच्या शब्दांवर दुसरीने करावे, आणि दोघींनी एकाच बंधाऱ्यावर, एकाच पाटकऱ्यासमोर बसून ते करावे. याला फार पैसा लागत नाही. साक्रीपासून धुळ्यापर्यंतच्या गावांतून येणारे विद्यार्थी दोन्हीकडे आहेत.

बांधणारा नियम आजही उभा करता येतो याचे उदाहरण याच कार्यक्षेत्रात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपले उजाड झालेले जंगल राखायला घेतले. विद्यापीठ स्थापन झाले तोच हा काळ. गावाने ठरवले: कुऱ्हाडबंदी, जंगलात बैलगाडी न्यायची नाही, मोडेल त्याला दंड, राखणीला गावातलीच माणसे. पाण्यासाठी ओढ्यांवर बांध घातले. आज चारशे हेक्टरांहून अधिक जंगल या गावाच्या राखणीत उभे आहे. तेथे भरणाऱ्या वनभाजी स्पर्धेत बायका रानातल्या भाज्या शिजवून, त्यांची नावे आणि कृती सांगून उतरतात. पाहुणे त्या खातात, परीक्षक त्या मोजतात. मला त्या स्पर्धेत एक उत्तम मौखिक कोश दिसतो. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्याने कोणत्याही जाहीरनाम्यावर सही केली नव्हती, आणि तेथल्या नियमांत ‘शाश्वत’ हा शब्द असण्याची गरजही पडली नाही. दंड होता.

पांझरेची गोष्ट मात्र इतकी सुखद नाही. वरच्या अंगाला लाटीपाडा झाले, मग अक्कलपाडा. विजेचे पंप आले, विहिरी आणि कूपनलिका खोल गेल्या, प्रत्येकाला स्वतःचे पाणी मिळाले आणि सामायिक पाण्याची गरज संपली. उसाने आणि कापसाने फडांचा क्रम मोडला. जी नदी बंधाऱ्यावरून बारमाही ओघळत असे, ती आता प्रकल्पातून आवर्तन सुटले की वाहते. धरणाच्या पाण्यावर धुळे शहराचीही तहान आहे. काही बंधाऱ्यांच्या भिंती शाबूत आहेत, काही गावांत फड अजून चालतो. पण बंधाऱ्यात पाणी कधी येणार हे पावसाकडे आणि नदीकडे पाहून गाव ठरवीत नाही. ते कार्यालयातून कळते. पाटकरी असेल तर तो त्या दिवशी कालव्यावर जातो, तोंडे उघडतो, आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायच्या आत आवर्तन बंद होते.